सल्लागाराची जात आणि सल्ल्याची पत

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील महाडचा सत्याग्रह, राज्यघटनेची निर्मिती आणि नागपूरचे धर्मांतर ही पर्वे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी मुंबईत रोखे व शेअर यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक पेढी काढली होती, ही गोष्ट मात्र चरित्रग्रंथांत दोन-चार ओळींत आटोपते. ती पेढी का निघाली आणि का मिटली, हा प्रश्न केवळ चरित्रकारांचा नाही. पैशाविषयी सल्ला कोणाचा घ्यावा आणि सल्लागाराला नेमके काय विचारावे, याबाबत आपला समाज तेव्हा जेथे चुकला तेथेच तो आज निराळ्या रीतीने चुकत आहे. म्हणून त्या दोन-चार ओळी आज थोड्या विस्ताराने वाचल्या पाहिजेत.

आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढे बडोदे संस्थानच्या साहाय्याने बी. ए. झाले. इंग्रजी व फारसी हे त्यांचे पदवीचे विषय होते. अर्थशास्त्राशी त्यांची खरी गाठ पडली ती १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते तेथे गेले. सार्वजनिक वित्ताचे नामांकित अभ्यासक प्रा. एडविन सेलिग्मन त्यांना शिकवीत होते. १९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था या विषयावरील प्रबंधासह त्यांनी एम. ए. केले. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले.

बडोद्याहून मुंबईस

करारानुसार त्यांनी बडोदे संस्थानची नोकरी करावयाची होती. पुढेमागे अर्थखात्याची धुरा त्यांच्याकडे सोपवावी, असा महाराजांचा मानस होता. प्रत्यक्षात बडोद्यात त्यांना राहावयास जागाही मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी आश्रय घेतला. तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकीत. दोन जगप्रसिद्ध विद्यापीठांत शिकलेला अर्थशास्त्रज्ञ राजधानीच्या शहरात एका रात्रीच्या निवाऱ्यास पारखा झाला आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये मुंबईस परतला.

मुंबईत संसार होता आणि उत्पन्न नव्हते. त्यांनी शिकवण्या केल्या, एका पारशी गृहस्थाचा पत्रव्यवहार व हिशेब सांभाळला, आणि त्याच सुमारास शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. ही निवड अगदी स्वाभाविक होती. युद्धामुळे मुंबईच्या गिरण्यांना तेजीचे दिवस आले होते, शेअरचे भाव चढत होते आणि नव्या कंपन्या निघत होत्या. मुंबईतील दलालांची संघटना १८७५ पासून होती. परंतु शेअरबाजारावर सरकारी नियंत्रण असे फारसे नव्हतेच. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या पैशावर चढलेला सट्टा १८६५ साली कोसळला आणि त्या धक्क्यातून बँक ऑफ बॉम्बेही सावरली नाही, एवढे होऊनही बाजार जवळजवळ स्वतःच्याच नियमांनी चालत राहिला. मुंबई सरकारने रोखेव्यवहारांवर नियंत्रण आणणारा कायदा केला तो १९२५ साली. तात्पर्य, १९१८ साली मुंबईत कोणीही पाटी लावून गुंतवणुकीचा सल्लागार बनू शकत होता. पात्रतेची अट नव्हती, नोंदणी नव्हती, परीक्षा नव्हती.

पाटीमागचा माणूस

अशा या पूर्ण खुल्या बाजारात आंबेडकरांची पेढी प्रारंभी बरी चालू लागली. गिऱ्हाइके सल्ला घेऊ लागली. पुढे सल्ला देणारा अस्पृश्य समाजातील आहे ही वार्ता पसरली आणि गिऱ्हाइके येईनाशी झाली. पेढी बंद करावी लागली. सल्ला चुकला म्हणून ती बंद पडली नव्हती. कोणाचे पैसे बुडाले नव्हते. कोणाची फसवणूक झाली नव्हती. काल घेतलेला सल्ला आजही तितकाच बरोबर होता. बदलले होते ते फक्त सल्लागाराविषयी गिऱ्हाइकाला असलेले ज्ञान, आणि त्या ज्ञानाचा सल्ल्याच्या गुणवत्तेशी काडीचाही संबंध नव्हता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ साली असे प्रतिपादन केले की, जो भेदभाव करतो त्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि स्पर्धेच्या बाजारात हा खर्च भेदभाव करणाऱ्यास हळूहळू मागे टाकतो. मुंबईच्या त्या गिऱ्हाइकांनी ही किंमत मुकाट्याने मोजली. भारतात तेव्हा विरळाच आढळणारे आर्थिक शिक्षण घेतलेल्या माणसाला सोडून ती बाजारातल्या कोणत्याही ऐऱ्यागैऱ्याकडे गेली असतील. त्यांना आपण काही गमावले असे वाटलेही नसेल. कारण सल्ला ही वस्तूच अशी आहे की, तिचा कस खरेदीच्या वेळी कळत नाही. तांदूळ हातात घेऊन पाहता येतो. सल्ला पाहता येत नाही. म्हणून माणूस सल्ल्याऐवजी सल्लागाराकडे पाहतो, आणि पाहताना नको ती खूण धरतो. १९१८ साली ती खूण जातीची होती.

अल्पभूधारकांचा अभ्यासक

शेअरबाजाराने ज्यांचे ज्ञान नाकारले त्या आंबेडकरांनी १९१८ सालीच भारतातील लहान शेतजमिनी व त्यांवरील उपाय या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे एकत्र केले म्हणजे शेती सुधारेल, असे त्या वेळचे बहुतेक जाणकार म्हणत. आंबेडकरांनी प्रश्न उलटून विचारला. जमीन लहान की मोठी हे एकरांवरून ठरत नाही. तिच्यावर लावावयाचे भांडवल, अवजारे, बैल आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते. भांडवल अपुरे आणि माणसे जास्त, हे मूळ दुखणे आहे, आणि शेतीवरील जादा माणसांना उद्योगांत काम मिळाल्याखेरीज ते हटणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. धानाच्या दोन-तीन एकरांवर मोठी कुटुंबे पोसणाऱ्या गोंदिया जिल्ह्यात हा निबंध आजही जुना वाटत नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची तात्पुरती नेमणूक झाली. मासिक वेतन ४५० रुपये होते. विद्यार्थ्यांनी प्रारंभी या नव्या प्राध्यापकास फारसे मनावर घेतले नाही. काही दिवसांतच त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी बाहेरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही येऊ लागले. त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांची हरकत होती. ज्ञान जेथे पोहोचले तेथे जात मागे हटली. पाण्याच्या माठापाशी ती उभीच राहिली. परळच्या चाळीत काटकसरीने राहून त्यांनी पगारातून पैसे शिल्लक टाकले, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडन गाठले.

रुपयाचा प्रश्न

लंडनमध्ये त्यांनी १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. या पदव्या मिळवल्या. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ च्या डिसेंबरमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्यास प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना लाभली. प्रत्येक मुद्द्यावर सहमत नसतानाही कॅनन यांनी ग्रंथाच्या विचारांतील ताजेपणाची दखल घेतली, हे विद्वत्तेच्या व्यवहारातील सौजन्य लक्षात घेण्याजोगे आहे.

तो वाद आज तांत्रिक वाटेल. पण त्याचा गाभा सोपा आहे. सुवर्ण विनिमय परिमाण भारतास योग्य आहे, असे प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे मत होते. या पद्धतीत चलन किती काढावे हे बरेचसे चलन काढणाऱ्या सरकारच्या मर्जीवर राहते, असा आंबेडकरांचा आक्षेप होता. चलन वाढले की रुपयाची देशातील खरेदीशक्ती घटते, आणि ही झीज मजूर व निश्चित वेतनावर जगणाऱ्यांच्या पदरी पडते. घसरत्या रुपयाचा लाभ व्यापारी-कारखानदारांना होतो तो याच वर्गाच्या खिशातून, हेही त्यांनी स्पष्ट केले. म्हणून चलन काढणाऱ्याच्या सद्हेतूंवर भिस्त न ठेवता त्याचे हात नियमाने बांधावेत आणि चलनाला ठाम मर्यादा घालावी, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी हीच भूमिका मांडली. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. ती बँक केवळ आंबेडकरांच्या पुस्तकातून जन्मली, असे म्हणण्याची प्रथा अलीकडे पडली आहे. एवढ्या मोठ्या माणसाला अशा अतिशयोक्तीची गरज नाही. दुसऱ्याचा पैसा हाताळणाऱ्याच्या मर्जीला नियमाचे कुंपण हवे, हा त्यांचा विचार स्वतःच्या बळावर उभा आहे.

वकिली सुरू केल्यानंतरही अर्थव्यवहार शिकविण्याचे काम त्यांनी सोडले नाही. १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. १९३६ साली त्यांनी स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या कार्यक्रमात भूतारण बँका, शेतकऱ्यांच्या सहकारी उत्पादक संस्था व विक्री संस्था यांना स्थान होते. घटना समितीत बोलताना भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकाचे पद हे घटनेतील सर्वांत महत्त्वाच्या अधिकाऱ्याचे पद आहे, त्याचे काम न्यायसंस्थेपेक्षाही मोलाचे आहे, असे त्यांनी १९४९ साली प्रतिपादन केले. रुपयाच्या ग्रंथापासून घटनेपर्यंत धागा एकच दिसतो. पैसा दुसऱ्याचा असेल तर त्याचा हिशेब मागणारा कोणीतरी असलाच पाहिजे.

आपल्या भागाशी त्यांचा संबंध आला तो आयुष्याच्या अखेरीस. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी गोरेगाव भंडारा जिल्ह्यात होते, आणि १९५४ साली भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. त्या वर्षीच्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत आंबेडकर राखीव जागेसाठी उभे राहिले. प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी प्रचार केला. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि आंबेडकर सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी झाले. भारतीय चलनाचा एवढा मोठा अभ्यासक आपल्या दारी मत मागण्यास आला होता आणि रिकाम्या हाती परतला, ही या भागाच्या इतिहासातील नोंद आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आजची चुकीची खूण

आता १९१८ सालच्या त्या पेढीकडे पुन्हा वळू. शेअरबाजार तेव्हा मुंबईच्या फोर्ट भागात होता. आज तो तालुक्याच्या गावातील प्रत्येक शिक्षकाच्या, कारकुनाच्या आणि विद्यार्थ्याच्या खिशात, मोबाइलमध्ये आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्यशासनाच्या सेवेत आलेल्यांसाठी जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानाची योजना आली, तेव्हापासून म्हातारपणाचा आधार आणि बाजाराचा चढउतार यांची गाठ नोकरदाराच्या इच्छेविनाही पडली. बँकेतील ठेवीचे व्याज महागाईपुढे तोकडे पडते. अशा वेळी मोबाइलच्या पडद्यावर कोणी तरुण आत्मविश्वासाने अमुक शेअर घ्या, तमुक विका असे सांगतो आणि लाखो माणसे ते ऐकतात. त्याच्या शिक्षणाची चौकशी कोणी करीत नाही. त्याचे अनुयायी किती, त्याची गाडी कोणती, एवढे पाहिले जाते. १९१८ च्या गिऱ्हाइकाने जात पाहून योग्य माणूस दूर केला. आजचे गिऱ्हाईक प्रसिद्धी पाहून अयोग्य माणूस जवळ करते. सल्ल्याशी संबंध नसलेली खूण धरणे, ही चूक दोन्हीकडे एकच आहे.

या चुकीची किंमत आता मोजली गेली आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व पर्याय व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. हे सारे सल्लागारांमुळेच घडले असे म्हणता येणार नाही. लोभाला शिक्षकाची गरज नसते. परंतु सोप्या पैशाची वाट दाखवणाऱ्यांचा त्यात वाटा नाही, असेही कोणी म्हणू शकणार नाही.

कायदा मात्र आता १९१८ चा राहिलेला नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या व १९९२ साली वैधानिक अधिकार मिळालेल्या सेबीने २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी विनियम केले. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे, शैक्षणिक पात्रता दाखवली पाहिजे, प्रमाणपत्र परीक्षा दिली पाहिजे आणि आपले हितसंबंध उघड केले पाहिजेत, असा त्यांचा आशय आहे. मोबदला म्हणजे केवळ रोख फी नव्हे. कोणताही आर्थिक लाभ त्यात येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने आणखी एक पाऊल टाकले. नोंदणी नसताना सल्ला देणाऱ्या किंवा नफ्याचे दावे करणाऱ्या व्यक्तींशी नोंदणीकृत संस्थांनी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत, असे बंधन घातले. वर्तमानपत्रातील सर्वसाधारण चर्चा किंवा मित्राने चहा घेताना दिलेला मोफत सल्ला या नियमांच्या कक्षेत येत नाही, आणि येऊही नये. बोलण्यावर बंदी घालणे हा हेतू नाही. मोबदला घेणाऱ्याने उत्तरदायी असावे, हा आहे.

या विनियमांच्या कसोटीवर १९१८ चे आंबेडकर सहज उतरले असते. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी त्यांच्याजवळ होती. जातीचा रकाना नोंदणीच्या अटींत नाही. नियमाचा खरा उपकार हा आहे. तो केवळ अयोग्य माणसास अडवत नाही, योग्य पण अनोळखी माणसाला उभे राहण्यास जागा देतो. घराणे, ओळख किंवा भांडवल पाठीशी नसलेल्या विद्वानाला नोंदणीचा क्रमांक हीच पत ठरते.

अर्थात, नियम कागदावर उत्तम असून भागत नाही. एवढ्या मोठ्या देशात नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागारांची संख्या हजाराच्या आसपासच घुटमळत राहिली आहे, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. गोरेगाव, सडक अर्जुनी किंवा आमगावच्या माणसाने सल्ला घ्यावा कोणाचा? ही पोकळी भरण्यास नोंदणी नसलेला माणूस तत्पर असतो. हे ओळखूनच डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने शिक्षणाची अट पदवीपर्यंत खाली आणली, निव्वळ मालमत्तेच्या अटीऐवजी ठेवीची अट घातली आणि दुसरा व्यवसाय वा नोकरी करणाऱ्यांना ७५ गिऱ्हाइकांपर्यंत अर्धवेळ सल्लागार होण्याची वाट मोकळी केली. ग्रामीण महाविद्यालयांतील वाणिज्य व अर्थशास्त्राच्या हुशार पदवीधरांनी हा मार्ग अभ्यासावा. शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतसंस्थांनी अशा पात्र सल्लागारांस आपल्या सभासदांसमोर आणावे. अट सैल झाली म्हणून कस सैल होऊ नये, ही दक्षता सेबीने घ्यावी. आणि नोंदणी असलेलाही लबाडी करू शकतो हे गिऱ्हाइकाने विसरू नये.

तोपर्यंत प्रत्येकाने तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. पहिला, तुमचा नोंदणी क्रमांक काय? तो सेबीच्या यादीशी ताडून पाहता येतो. दुसरा, तुम्हाला पैसे कोण देतो? मी फी देत असेन तर तुम्ही माझे सल्लागार आहात. कंपनी दलाली देत असेल तर तुम्ही विक्रेते आहात, आणि विक्रेता वाईट नसला तरी तो सल्लागार नव्हे. तिसरा, सल्ला चुकीच्या हेतूने दिल्याचे आढळल्यास मी दाद कोठे मागू? नोंदणीकृत सल्लागाराविरुद्ध सेबीच्या स्कोअर्स या यंत्रणेत तक्रार करता येते. पडद्यावरील अनामिक माणसामागे धावून काहीही हाती लागत नाही.

हे तीन प्रश्न १९१८ साली मुंबईच्या गिऱ्हाइकांनी विचारले असते, तर आंबेडकरांची पेढी मिटली नसती. त्यांनी चौथाच प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर ऐकून ती निघून गेली. तो प्रश्न आपण विचारू नये, आणि आवश्यक प्रश्न विचारावयास विसरू नये. आंबेडकर जयंतीस गोरेगावात निघणाऱ्या मिरवणुकीत सामील होणाऱ्या प्रत्येक नोकरदाराने, पुढच्या वेळी कष्टाचा पैसा कोणाच्या सांगण्यावरून गुंतवण्यापूर्वी, एवढे केले तरी त्या बंद पडलेल्या पेढीचे थोडे ऋण फिटेल.